कान, शेपूट आणि उंची : अँडीजमधला पानकान्या उंदीर ओळखायचा कसा

नाही, तो चिंचिला नव्हता. चिंचिला म्हणजे मऊ फरचा, अँडीजमधलाच एक कुरतडणारा प्राणी. चिलीहून परतल्यापासून हे वाक्य किती जणांना ऐकवलं याची मोजदाद नाही. फोटोत करड्या दगडावर एक करडा जीव बसलाय, डोळे टपोरे, कान मोठे, शेपूट लांब. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी विचारलं, "मॅडम, चिंचिला ना?" उरलेले म्हणाले, "उंदीरच आहे की! त्यासाठी एवढ्या लांब गेलात?" दुसऱ्या गटाचं जास्त बरोबर. उंदीरच आहे, पानकान्या उंदीर. पण आपल्या माळ्यावरच्या उंदराचा सख्खा सोडा, चुलतभाऊही नाही. लांबच्या भावकीतला म्हणू.

मी बत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. वर्गीकरणाचा धडा दरवर्षी घेतला आणि खरं सांगायचं तर दरवर्षी कंटाळून घेतला. निवृत्तीनंतर मुलीकडे गेले. ती उत्तर चिलीत सान पेद्रो दे आताकामा या गावात राहते, तिथल्या एका वेधशाळेत नोकरी करते. तिची कामं रात्रीची, त्यामुळे दिवसभर घरात आवाज करायचा नाही असा नियम. मी दुर्बीण, वही आणि थर्मास घेऊन बाहेर पडायचे. अडीच महिन्यांत माझ्या ध्यानात आलं की जो धडा मी फळ्यावर शिडीसारखा काढत होते, तो तिकडे डोंगरावर खरोखर शिडीसारखा उभा आहे.

तर त्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांसाठी, किंवा घरबसल्या फोटो पाहून डोकं खाजवणाऱ्यांसाठी, माझी पद्धत लिहून ठेवते. उंदीर ज्यांना किळसवाणे वाटतात त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आधी उंची लिहा

वहीत प्राण्याचं नाव लिहायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या : समुद्रसपाटीपासूनची उंची, आजूबाजूला काय उगवलंय, आणि पायाखाली दगड आहे की माती. फोनवर उंची दिसते, निमित्त सांगायला जागा नाही. मी पहिल्या आठवड्यात हे केलं नाही. त्या आठवड्याची सगळी पानं आज निरुपयोगी आहेत. नुसतं 'करडा उंदीर, गोड' असं लिहिलेलं आहे.

सह्याद्रीत आपल्याला सवय असते की पायथ्याला झाडी दाट आणि वर जावं तसं उघडंबोडकं. आताकामाच्या वाळवंटात खाली उलटं सुरू होतं. सान पेद्रो साधारण २४०० मीटरवर. गावात ओढ्याच्या पाण्यावर आल्गारोबो आणि चान्यारची झाडं आहेत. गाव संपलं की काही नाही. अक्षरशः काही नाही. गवताची काडी शोधायला जावं तर उन्हाने डोळे दुखतात. तिथून चढत गेलं की ३००० मीटरच्या पुढे माणसापेक्षा उंच खांबासारखे निवडुंग दिसतात, मग 'तोला' नावाची गुडघ्याएवढी झुडपं. ३९०० च्या आसपास झुडपं विरळ होतात आणि पिवळ्या, टोचऱ्या गवताचे झुबके सुरू होतात. त्या गवताला 'पाहा ब्रावा' म्हणतात, 'इचू'ही म्हणतात. खडकांवर यारेता : लांबून वाटतं कुणी हिरवी गादी पसरून ठेवलीय, हात लावला तर लाकडासारखी टणक. त्याहून वर पुन्हा सगळं संपतं.

म्हणजे खाली पाणी नाही म्हणून उजाड, वर थंडी म्हणून उजाड, आणि हिरवाई मधल्या पट्ट्यात. वरच्या थंड, कोरड्या गवताळ प्रदेशाला पुना म्हणतात. त्यात जिथे झरे पाझरतात तिथे बोफेदाल, म्हणजे पाणथळ हिरवळ. लामा, म्हणजे तिकडचे उंटाच्या कुळातले पाळीव प्राणी, तिथेच चरत असतात.

उंची आणि झाडपाला लिहिला की निम्मी यादी आपोआप गळते. बोफेदालच्या मऊ जमिनीतला प्राणी वेगळा, गवताच्या झुबक्यांतला वेगळा, खडकांच्या फटीतला वेगळा. आपला पानकान्या खडकवाला. मोठमोठ्या दगडांच्या राशी, कपारी, आणि लामांच्या वाड्यांच्या गडग्यांमध्ये तो सापडतो. तिकडे या कोरड्या दगडी भिंतीला 'पिरका' म्हणतात. आपल्या कोकणातल्या गडग्यासारखीच, मातीचं लिंपण नाही, दगडावर दगड. अशा भिंतीत वारा अडतो, दिवसाची ऊब रात्री थोडी टिकते, आणि घुबडाचा पंजा आत शिरत नाही. पन्नासेक ग्रॅमच्या जिवाला एवढं पुष्कळ झालं.

माझा पहिला नीट पाहिलेला पानकान्या अशाच गडग्यात होता. सुमारे ४००० मीटरवरची लहानशी वस्ती, सूर्य मावळून वीस मिनिटं झालेली, मी मुलीच्या गाडीत काच थोडी खाली करून बसलेले, पायांवर दोन घोंगड्या. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधला होता. पांढऱ्या झोताने ते क्षणात पळतात, लाल उजेडाचं त्यांना फारसं वाटत नाही. दोन दगडांच्या मधून आधी मिशा आल्या. मग कान. बाकी शरीर यायला पूर्ण मिनिट लागलं. कान उभे केले की इतके पातळ, की मागे उजेड असला तर त्यातल्या शिरा दिसाव्यात. एका दगडावर येऊन बसला, पुढच्या पायांनी तोंड पुसलं, उजवा कान खाली ओढून साफ केला, आणि गेला. वाड्याच्या मालकीण आजी कोपऱ्यात उभ्या होत्या. मी उत्साहाने हातवारे करून विचारलं हे काय, तर म्हणाल्या, "लाउचा." म्हणजे उंदीर. दुसरं काय असणार, असा चेहरा.

उंदीर गेल्यावर दगड मोजा

ही युक्ती मला स्वतःला सुचली म्हणून जरा कौतुकाने सांगते. जिवंत प्राण्याला हात लावायचा नाही, पकडायचं तर नाहीच. चिलीत त्यासाठी साग या सरकारी खात्याचा परवाना लागतो आणि तो अभ्यासकांना मिळतो, आजीबाईंना नाही. मग माप कसं घ्यायचं? उंदीर ज्या दगडावर बसला त्याचा फोटो काढा, तो निघून गेल्यावर शिवणकामाच्या टेपने दगड मोजा. माझा दगड १८ सेंटिमीटर रुंद निघाला. फोटोत नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत उंदराने निम्म्याहून थोडी जास्त जागा व्यापली होती, म्हणजे १०–११ सेंटिमीटर. शेपूट तेवढीच किंवा किंचित जास्त.

हे शेपटीचं गणित फार महत्त्वाचं. पानकान्याची शेपूट शरीराएवढी, वरून गडद, खालून फिकी, बारीक केसांनी झाकलेली. त्याच उंचीवर ऑलिस्कोमिस या प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) उंदीर असतात, तेही मोठ्या कानांचे, पण शेपूट शरीरापेक्षा आखूड. कॅलोमिस लेपिडस तर मुठीत मावेल एवढा छोटा, आखूड शेपटीचा, गवतात राहणारा. अॅब्रोथ्रिक्स अँडिना गुबगुबीत, कान लहान. एकदा कान आणि शेपूट यांचं प्रमाण डोळ्यात बसलं की अंधारातही चूक कमी होते.

आता चिंचिलाची शंका मिटवून टाकू. चिंचिलाची शेपूट झुपकेदार, खारीच्या वळणाची. अंग ससुल्यासारखं गोल. आणि ती इतकी दुर्मिळ आहे की पर्यटकाला सहज दिसण्याची आशा धरू नये. फरसाठी त्यांची अशी कत्तल झाली की दोन्ही जाती जेमतेम उरल्या आहेत. दिवसाढवळ्या खडकावर डोळे मिटून ऊन खात बसलेला, सशाएवढा, लांब मिशांचा प्राणी दिसला तर तो विस्काचा. तो त्याच चिंचिला कुलातला, आणि तो मात्र हमखास दिसतो. ध्यानस्थ बसलेल्या म्हाताऱ्यासारखा चेहरा असतो त्याचा.

खरा गोंधळ घालतात ते अॅब्रोकोमा, म्हणजे चिंचिला-घुशी. मोठे गोल कान, मऊ करडी लोकर, खडकांतच राहणार. पण आकाराने मोठे, आणि शेपूट शरीराहून आखूड. शिवाय ऑक्टोडॉन्टोमिस, ज्याच्या शेपटीच्या टोकाला रंगकामाच्या ब्रशसारखा झुपका. शेपूटच नसेल तर गिनीपिगच्या रानटी भाऊबंदांपैकी कुणीतरी. एवढं पुरे, कारण खरी फोड दातांत होते.

घुबडाने केलेलं काम वापरा

घुबड उंदीर गिळतं, आणि हाडं-केस यांची गोळी करून ओकून टाकतं. कड्याखाली, पडक्या घरांत, खांबांखाली अशा गोळ्या पडलेल्या असतात. संरक्षित जागेतून काहीही उचलायचं नाही. मी मुलीच्या ओळखीच्या एका शेताच्या मालकाला विचारून त्याच्या पडक्या खोलीतून दोन गोळ्या घेतल्या. तोंडाला मास्क, हातात मोजे. गोळी कोरडी फोडायची नाही, धूळ उडते. कोमट पाण्यात तासभर भिजवायची, मग चिमट्याने केस बाजूला करायचे.

मी हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं. मुलगी दुपारी उठून आली.

"आई, ही वाटी कसली?"

"भिजत घातलंय जरा."

"अगं, ही पोह्यांची वाटी आहे!"

"होती," मी म्हटलं. ती वाटी मग माझ्या सामानातच आली.

एका गोळीतून अडीच कवट्या निघाल्या. खालच्या जबड्याचा अर्धा भाग घ्या, भिंगाखाली धरा आणि दात मोजा. पुढे एक वाकडा, पिवळट-नारिंगी पटाशीचा दात. मग मोकळी जागा. मग दाढा. दाढा तीन असतील तर उंदीरवर्गीय, चार असतील तर गिनीपिग-चिंचिलाच्या घराण्यातला. पूर्ण तोंडात मोजलं तर पहिल्याचे १६ दात, दुसऱ्याचे २०. एवढ्या एका मोजणीने अँडीजमधल्या कृंतकांची, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांची, दोन ढीगांत वाटणी होते. मी वर्गात दंतसूत्र पाठ करून घ्यायचे. घुबडाच्या ओकारीतून मोजून घेतलं असतं तर एकही विद्यार्थी विसरला नसता.

कवटी शाबूत असेल तर डोळ्याच्या खोबणीच्या पुढचं भोक पाहा. चिंचिलाच्या घराण्यात ते चांगलं मोठं, बोट घालावंसं वाटणारं असतं, कारण चावण्याचा एक स्नायू त्यातून आरपार जातो. उंदरांत ती अरुंद फट असते. आणि इथे आपल्या घरची गंमत : हेच मोठं भोक आपल्या साळिंदरात असतं. जबड्याची ठेवणही तशीच. म्हणजे सह्याद्रीतलं साळिंदर हे अँडीजमधल्या चिंचिलाचं नातलग, आणि चिंचिलाच्या शेजारच्या कपारीत राहणारा पानकान्या उंदीर तिचा तितका जवळचा नाही. शेजार आणि नातं यांचा संबंध नसतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

यामागचं कारण असं. गिनीपिग-चिंचिलाचे पूर्वज आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत आले, बहुधा वाहत्या झाडझाडोऱ्यावर, कोट्यवधी वर्षांपूर्वी. पेरूमध्ये त्यांचे सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत. पानकान्याचे पूर्वज उत्तर अमेरिकेकडून उतरले, आणि तेही त्या मानाने काल-परवा. आल्यावर मात्र त्यांनी असा पसारा मांडला की आज त्यांच्या सिग्मोडॉन्टिनी या उपकुलात ४०० हून जास्त जाती आहेत.

तीन दाढा निघाल्या म्हणून लगेच पानकान्या ठरत नाही. आपला घरउंदीरही जहाजांतून चिलीत पोचलेला आहे आणि त्यालाही तीनच दाढा. वरच्या दाढा पाहा. घरउंदराच्या दाढांवर उंचवट्यांच्या तीन रांगा लांबीच्या दिशेने असतात. या अमेरिकन उंदरांच्या दोनच. पानकान्या प्रौढ असेल तर उंचवटे झिजून दाढेचा माथा सपाट होतो आणि इनॅमलच्या घड्या नागमोडी नक्षीसारख्या दिसतात. पालापाचोळा, बिया, काड्या चावून चावून जातं बनलेलं असतं. दहापट भिंग पुरतं. माझं भिंग कॉलेजच्या निरोप समारंभात मिळालेलं. इतर भेटवस्तूंपेक्षा कामाला आलं.

पटाशीच्या दातांवर उभी खाच दिसली तर पानकान्या नाही. बोफेदालकडे राहणाऱ्या निओटोमिस एब्रिओससच्या दातांना अशी खाच असते. त्याच्या नावाचा अर्थ 'झिंगलेला'. ओल्डफील्ड थॉमस या लंडनच्या म्युझियमवाल्याने १८९४ मध्ये त्याचं बारसं केलं. त्या बिचाऱ्याचं नाक तांबडं असतं, एवढाच त्याचा गुन्हा.

शिडी मांडायची

आता वहीच्या उजव्या पानावर शिडी. वरून खाली :

वर्ग सस्तन. गण कृंतक, म्हणजे कुरतडणारे. शेकरू, साळिंदर, घूस सगळे इथपर्यंत सोबत. कुल क्रायसेटिडी, इथे आपला घरउंदीर आणि घूस वेगळे होतात, ते म्युरिडी कुलातले. उपकुल सिग्मोडॉन्टिनी, मुख्यतः दक्षिण अमेरिकेचं. त्यात फायलोटिनी हा गट. प्रजाती फायलोटिस : ग्रीकमध्ये पान आणि कान हे दोन शब्द जोडून केलेलं नाव. म्हणून मी त्याला पानकान्या म्हणते. चिलीत स्पॅनिशमध्ये लाउचोन ओरेहूदो, कानवाला मोठा उंदीर. सगळ्यांना कानच दिसले.

शिडीची शेवटची पायरी, म्हणजे जाती, पेन्सिलने लिहा. का ते सांगते.

डार्विन बीगल जहाजावरून फिरला तेव्हा त्याने पाठवलेले उंदीर वॉटरहाऊस या प्राणिशास्त्रज्ञाने लंडनमध्ये तपासले आणि १८३७ मध्ये नावं दिली. चिलीतल्या कोकिंबोचा उंदीर डार्विनी. पॅटागोनियातल्या सांता क्रूझचा झँथोपायगस, म्हणजे पिवळ्या ढुंगणाचा. पुढे कितीतरी दशकं अँडीजमधले बरेच पानकान्ये 'डार्विनी'च्या उपजाती म्हणून एकाच गोणीत भरले गेले. ऑलिव्हर पिअर्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये या प्रजातीची सबंध फेरतपासणी केली तेव्हाही गोणी मोठीच होती. मग गुणसूत्रं, नंतर डीएनए आले आणि गोणी उसवायला लागली. उंचावरचे डार्विनीतून निघून झँथोपायगसमध्ये गेले. मग झँथोपायगसही एक नाही, अनेक आहेत असं दिसलं. आता आताकामाच्या दक्षिणेकडच्या उंच डोंगरांवरचा आपला गडी फायलोटिस व्हॅक्कॅरम म्हणून ओळखला जातो. हे नावही नवं नाही. थॉमसनेच १९१२ मध्ये अर्जेंटिनातल्या मेंदोसा प्रांतातल्या पुंता दे बाकास इथल्या उंदराला ते दिलं होतं. बाकास म्हणजे गाई. गावाच्या नावावरून लॅटिनमध्ये झालं व्हॅक्कॅरम, 'गाईंचा'. गाईंचा उंदीर! शंभर वर्षं ते नाव कपाटात उपजात म्हणून पडून होतं, मग झटकून जाती म्हणून वापरात आलं.

मी स्वतः पहिल्या महिन्यात वहीत सगळीकडे ठसठशीत शाईने 'डार्विनी' लिहिलं, कारण माझ्याजवळचं पुस्तक जुनं. मुलीच्या शेजारी एक तरुण अभ्यासक राहतो, त्याने वही चाळली आणि सभ्यपणे विचारलं, "हे कुठलं साल?" बत्तीस वर्षांची मास्तरीण गोरीमोरी झाली. पण त्याने पुढचं वाक्य असं म्हटलं की मला जरा धीर आला : ठिकाण आणि उंची लिहिलीय ना, मग नाव केव्हाही दुरुस्त होईल. म्हणून नावापुढे कंसात तुम्ही वापरलेल्या पुस्तकाचं साल टाका, आणि ठिकाण इतकं नेमकं लिहा की दुसरा माणूस त्याच गडग्यापाशी जाऊन उभा राहील. थॉमसच्या उंदराचं नाव दोनदा-तीनदा फिरलं तरी पुंता दे बाकास नकाशावर आहे तिथेच आहे. नवे अभ्यासक तिथे जाऊन पुन्हा उंदीर तपासू शकतात.

जवळ राहणाऱ्या दोन जाती, उदाहरणार्थ व्हॅक्कॅरम आणि फिकट पोटाचा लिमाटस, नुसत्या फोटोवरून वेगळ्या करायचा हट्ट धरू नका. तिथे 'फायलोटिस, जाती अनिश्चित' लिहिणं हीच हुशारी. माझ्या वहीतल्या निम्म्या नोंदी तशाच आहेत.

सर्वांत वरचा उंदीर

या उंदरापायी मी वेडी झाले ते खरं तर एका बातमीमुळे, ते सांगायचं राहिलंच. चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवर युयायाको नावाचा ज्वालामुखी आहे, ६७३९ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई अशी चार रचली तरी दीडशे मीटर कमी पडतात. २०१३ मध्ये गिर्यारोहकांना तिथे ६२०० मीटरच्या वर एक उंदीर पळताना दिसला. २०२० च्या फेब्रुवारीत जे स्टॉर्झ हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी वर गेले आणि थेट शिखरावर पानकान्या जिवंत पकडला. तोपर्यंत एवढ्या उंचीवर कुठलाच सस्तन प्राणी राहत असल्याची नोंद नव्हती. आधीचा मान हिमालयातल्या मोठ्या कानांच्या पायका या सशाच्या नातलगाकडे होता, ६१३० मीटर. इथेही मोठे कान! त्या शिखरावर श्वासातला ऑक्सिजन समुद्रकाठच्या निम्म्याहून कमी, आणि हिरवं पान म्हणून काही नाही. वनस्पतींची शेवटची रेषा खूप खाली राहिलेली असते.

वर्गीकरणाच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही : २०२० च्या शोधनिबंधात या उंदराचं नाव झँथोपायगस रूपेस्ट्रिस आहे आणि २०२३ च्या निबंधात व्हॅक्कॅरम. तीन वर्षांत उंदीर तोच, पाटी बदलली.

२०२३ चा निबंध आणखी रंजक. सालीन, पुलार आणि कोपियापो या ६००० मीटरवरच्या ज्वालामुखींच्या माथ्यांवर उंदरांचे सुकलेले देह सापडले, एकूण १३. थंड, कोरड्या हवेने जपलेले. युयायाकोच्या माथ्यावर इंका लोकांनी बळी दिलेल्या तीन मुलांचे देह १९९९ मध्ये सापडले होते, म्हणून आधी वाटायचं की हे उंदीरही इंकांच्या सामानातून, लाकूडफाट्यातून वर गेले असतील. पण कार्बन-१४ ने वय काढलं तर काही उंदीर काही दशकांपूर्वीचेच निघाले, पुलारवरचे फार तर साडेतीनशे वर्षांचे. इंका साम्राज्य तोवर संपलेलं. शिवाय नर-मादी सारख्याच संख्येने, आणि सालीनवरच्या काही जोड्या जनुकांवरून अगदी जवळच्या नात्यातल्या : भावंडं किंवा आई-पिल्लू. म्हणजे ते वाट चुकून वर गेलेले नव्हते, तिथे संसार करत होते. जनुकं मात्र खालच्या उंदरांपेक्षा वेगळी नाहीत. शिखरावरची वेगळी जात नाही, एकाच जातीने सबंध डोंगर वापरलाय.

त्यामुळे पुस्तकात 'अधिवास : खडकाळ पुना, अमुक ते तमुक मीटर' असं छापलेलं दिसलं की तो आकडा म्हणजे माणूस कुठपर्यंत चढला याची नोंद समजा.

जे करू नये

कपारीत काळपट, डांबरासारखा चकाकणारा गोळा दिसला तर फोडू नका. मला आधी वाटलं कुणी डांबर ओतलंय. ते या कृंतकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कोठार-कम-शौचालय : काड्या, पानं, लेंड्या, आणि सुकून घट्ट झालेलं मूत्र. या कोरड्या हवेत ते हजारो वर्षं टिकतं. त्यातल्या पानांवरून शास्त्रज्ञ २० हजार वर्षांपूर्वी तिथे पाऊस किती होता ते काढतात. लेंड्यांचा आकार बाजूने पाहून घ्या : तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर उंदीर, शेंगदाण्याएवढ्या असतील तर विस्काचा. बस.

बंद, पडक्या खोलीत एकदम शिरू नका. दारं-खिडक्या उघडून तासभर हवा खेळू द्या, आणि कोरडा झाडू तर मुळीच मारू नका. चिलीच्या दक्षिणेकडे हंता विषाणू एका लांब शेपटीच्या उंदरापासून पसरतो, लेंड्या-मूत्राच्या धुळीतून. तो उंदीर वेगळा, तो प्रदेशही दूर. पण सवय एकच ठेवलेली बरी.

सापडलेली हाडं सामानात घालून भारतात आणू नका. फोटो काढा, शेजारी टेप ठेवून, आणि जिथून उचलली तिथे परत ठेवा. मी ठेवली.

आणि पहिल्याच दिवशी ४३०० मीटरवरच्या गरम पाण्याच्या फवाऱ्यांवर पहाटे धावत जाऊ नका. मी गेले, आणि डोकं धरून गाडीत पडून राहिले. बाकीचे परत येऊन सांगत होते की खडकावर विस्काचा बसला होता, अगदी जवळ.

माझ्या वहीतली एक नोंद नमुना म्हणून उतरवून देते. शाई आणि पेन्सिल जशी होती तशी समजून घ्या :

*संध्याकाळ, सूर्यास्तानंतर २० मि. उंची ४०१० मी. (फोनवर). लामांचा वाडा, गडग्याची पूर्व बाजू, फाटकापासून चौथा मोठा दगड. खाली बोफेदाल, वर पाहा ब्रावा, तोला तुरळक. वारा पश्चिमेचा. एक प्राणी, अंदाजे ११ सें.मी., शेपूट तेवढीच, दोनरंगी. कान मोठे, उजव्या कानाची कड थोडी फाटलेली. गण कृंतक, कुल क्रायसेटिडी, प्रजाती फायलोटिस. जाती :* (पेन्सिलने) *व्हॅक्कॅरम? स्थानिक नाव : लाउचा. आजी म्हणाल्या, मक्याच्या पोत्याचा कोपरा यानेच कुरतडला.*